टीप मुलानेच मारायची

चि. मुलीस,
अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेलं माहितीपत्रक आणि कराराचा मसुदा दोन्ही नीट वाचलं. मुलांच्या शिवण आणि फॅशन डिझाइनच्या स्टुडिओची फ्रँचायझी घेऊ की स्वतःच्या नावाने वर्ग काढू, एवढंच तू विचारलं आहेस. पण तुझी खरी अडचण मला दुसरीच दिसते. दर वर्गाच्या शेवटी प्रत्येक मुलाच्या हातात घरी नेण्याजोगी तयार वस्तू असलीच पाहिजे, असं त्या मसुद्यात आहे. ते तुला पटत नाही आणि नाही म्हणायचा धीरही होत नाही. म्हणून आधी तेच बोलू. टीप मुलानेच मारायची. जागा, फी, रॉयल्टी हे सगळं या एका गोष्टीला जुळतं का, एवढं बघ.

माहितीपत्रकातला वर्ग ७५ मिनिटांचा आहे आणि मुलं बारा. नऊ वर्षांच्या मुलाला नाडीची साधी पिशवी करायची तर खडूने आखणं, कापणं, टाचण्या लावणं, दोरा ओवणं, दोन बाजूंच्या टिपा, वरचा नेफा आणि नाडी ओढणं इतकी कामं असतात. शिकणाऱ्या हाताला याला तीन वर्ग लागतात. ती ७५ मिनिटांत झाली, तर मशीनवर मदतनीस बसली होती हे नक्की. आईबाबांना फोटो आवडतो. मग तिसऱ्या महिन्यात आजीच्या मशीनवर पोराला दोरा ओवता येत नाही आणि पुढच्या सत्राची फी येत नाही. वर्ग टिकतो तो दुसऱ्या आणि तिसऱ्या सत्राला परत येणाऱ्या मुलांवर. नवीन मुलं शोधायला जाहिरात लागते, परत येणाऱ्यांना लागत नाही.

पहिल्या वर्गात दोरा नकोच. वहीचा रेघांचा कागद दे आणि मशीनला जुनी सुई लाव. सरळ रेघ, मग काटकोन, मग गोगलगाईसारखी आत वळत जाणारी रेघ. कोपऱ्यावर सुई खाली ठेवायची, मशीनचा पाय, म्हणजे कापड दाबून धरणारा भाग, उचलायचा, कागद फिरवायचा, पाय टेकवायचा. पायडलवर किती दाब द्यायचा हे मुलाला इथेच कळतं. भोकं रेघेवर आली की नाही हे त्याचं त्यालाच दिसतं, तुला काही बोलावं लागत नाही.

दुसरा वर्ग दोरा ओवण्याचा. मूल दोरा ओवतं, काढतं, पुन्हा ओवतं. तू हात मागे बांधून उभी राहा. मशीनचा पाय वर असतानाच दोरा ओवायचा, कारण पाय वर असला की दोऱ्याला ताण देणाऱ्या चकत्या उघड्या असतात आणि दोरा त्यांच्यामध्ये नीट बसतो. पाय खाली असताना ओवला तर तो वरूनच जातो, ताण लागत नाही आणि कापडाच्या खालच्या बाजूला दोऱ्याचा गुंता होतो. गुंता खाली दिसतो म्हणून सगळे बॉबिनला, म्हणजे खालच्या दोऱ्याच्या रिळाला, दोष देतात, तिचा स्क्रू पिळतात आणि चांगली बॉबिन केस बिघडवतात. दोष वरच्या दोऱ्यात असतो. हे मुलाला एकदा समजलं की ते दर वेळी तुला हाक मारत नाही. ते तुला न सांगता पाय वर करून पुन्हा ओवू लागलं, की दुसरा वर्ग संपला म्हण, मग त्याला दोन आठवडे लागले तरी चालेल.

सुई मोडते तेव्हाही कारण शोधायला लाव. बहुतेक वेळा मूल मागून कापड ओढत असतं, सुई वाकते आणि खालच्या पट्टीवर आपटते. टाके सुटत असतील तर सुई पुरती वर गेलेली नसते किंवा उलटी बसलेली असते. घरगुती मशीनच्या सुईची चपटी बाजू सहसा मागे येते. टोक बोथट झालं तरी टाके सुटतात. साधारण आठ तास शिवून झालं की सुई बदल. केंब्रिक आणि मांजरपाट या सुती कापडांना १२ किंवा १४ नंबर, जीन्सच्या कापडाला १६. ताणणाऱ्या होजियरीला गोल टोकाची सुई लागते, पण सुरुवातीला होजियरी आणूच नकोस. साटिन आणि जॉर्जेटही नको. मुली झालरीच्या फ्रॉकसाठी हट्ट धरतील. कापड हातातून निसटलं की कात्री वाकडी जाते आणि शेवटी तूच शिवायला बसतेस. शिवणकामातला पहिला कपडा सुतीच.

तो पहिला कपडा म्हणून मी इलॅस्टिकचा स्कर्ट सांगेन. ४४ इंच पन्ह्याचं, म्हणजे रुंदीचं, केंब्रिक, ६० सेंटिमीटर. आदल्या रात्री पाण्यात भिजव, वाळव, इस्त्री कर, मगच बेत. नाहीतर पहिल्याच धुण्यात स्कर्ट आखूड होतो आणि मुलाची सगळी मेहनत फुकट जाते. तयार लांबी १६ इंच हवी असेल तर नेफ्याला दीड आणि खालच्या दुमडीला दीड, म्हणजे १९ इंच. पन्ह्याचा पूर्ण घेर ठेवला की मागे एकच शिवण येते. कंबर २२ असेल तर इलॅस्टिक २० इंच आणि जोडाला एक इंच जास्त. नेफ्यात इलॅस्टिक घालायला दोन इंच तोंड उघडं ठेवायचं, हे मुलं हमखास विसरतात आणि सगळी टीप मारून मोकळी होतात. मग उसवायचं. उसवणंही मुलानेच. तुझा हात शिवशिवेल, पाच मिनिटांत होण्यासारखं आहे असं वाटेल. होऊ देऊ नकोस.

आठ वर्षांखालच्या मुलांना मशीनवर घेऊ नकोस, फी कितीही मिळत असली तरी. त्यांना मॅटीच्या जाड, मोकळ्या विणीच्या कापडावर मोठ्या सुईने धावदोरा आणि बटण लावणं दे.

आता खोली. मशीन घरगुती विजेचं, वेग बांधणारी सरकपट्टी असलेलं, आणि बॉबिन वरून घालायची, झाकण पारदर्शक. किती दोरा उरला हे मुलाला दिसलं पाहिजे. कुणी स्वस्तात जुकी कंपनीचं कारखान्यातलं मशीन देऊ केलं तर घेऊ नकोस, ते मिनिटाला चार-पाच हजार टाके मारतं. घरगुती मशीन सहाशे ते आठशे मारतं आणि तेही मुलाला सुरुवातीला फार असतं. टेबलाची उंची मुलाच्या कोपराशी जुळव, २४-२५ इंच पुरे. जुनं मोठं टेबल असेल तर खुर्ची उंच कर आणि पायडलखाली पाट ठेव, त्यावर रबरी चटई, कारण फरशीवर पायडल पुढे पळतं. इस्त्री एकाच कोपऱ्यात, मोठ्या माणसाच्या हाती. एक्स्टेन्शन बोर्डवर मशीन नकोत, भिंतीत सॉकेट काढून घे आणि गळती झाली की वीज तोडणारा ३० मिलीअँपियरचा आरसीसीबी बसव. टाचण्या प्रत्येकाला मोजून दहा, जाताना मोजून परत. कागदाची कात्री वेगळी, कापडाची वेगळी, आणि डावखुऱ्या मुलांसाठी एक डावखुरी. दोरे, बटणं, लेस रविवार पेठेतून घाऊक घे.

एका वेळी सहा मुलं, सहा मशीन, तू आणि एक मदतनीस. याहून जास्त नाहीत. याच आकड्यावर अडून बसल्यामुळे माझी दुसरी शाखा कधी झाली नाही आणि त्याची खंत आहे. माझ्या नंतर सुरू केलेल्यांचे फलक आज चार ठिकाणी दिसतात. तरीही सातवं मशीन मी आणलं नसतं, आजही आणणार नाही. सातव्या मुलाकडे लक्ष द्यायला हात उरत नाही आणि मग मदतनीस टीप मारू लागते. याला कुणी अव्यवहारी म्हणालं तर म्हणू दे.

व्यवहार बघायचाच तर बघ. आठवड्याला दहा तुकड्या, मंगळवार ते शुक्रवार संध्याकाळी एकेक आणि शनिवार-रविवार तीन-तीन, म्हणजे ६० जागा. त्यातल्या ३६ भरल्या समज, महिन्याची फी २,५०० समज. जमा ९०,०००. भाडं २५,०००, मदतनीस १५,०००, वीज आणि दुरुस्ती ४,०००, सामान मुलामागे २५० प्रमाणे ९,०००. उरले ३७,०००. आता मसुद्यातलं घाल. रॉयल्टी ८ टक्के आणि जाहिरात निधी २ टक्के, दोन्ही जमेवर, नफ्यावर नाही, म्हणजे ९,०००. त्यावर १८ टक्के जीएसटी, १,६२०. सुरुवातीची फी चार लाख आणि जीएसटी मिळून ४,७२,०००, पाच वर्षांवर पसरली तर महिना ७,८६७. तुझ्या हाती १८,५१३. तुझी उलाढाल वर्षाला वीस लाखांच्या आत असल्याने जीएसटी नोंदणी सक्तीची नाही, पण नोंदणी नसेल तर भरलेल्या जीएसटीचं क्रेडिट, म्हणजे वजावटही मिळत नाही. आणि मसुद्याच्या शेवटी सामानाचं किट कंपनीकडूनच घ्यायचं असं आहे. ते २५० ऐवजी मुलामागे ६०० ला पडलं तर आणखी १२,६०० गेले, उरले सहा हजारांच्या आत. यात मशीन आणि टेबलांचा खर्च धरलेला नाही. परीक्षेच्या दिवसांत निम्मी मुलं येत नाहीत, दिवाळीत वर्ग बंद, तेही धरलेलं नाही. असा महिना आला की माणूस तुकडीत बारा मुलं बसवतं. वाईट शिकवण्याचं मूळ या हिशोबात असतं, म्हणून तो तुझ्यासमोर मांडला.

फ्रँचायझी घेऊच नकोस असं माझं म्हणणं नाही. चांगला अभ्यासक्रम, तपासलेले पॅटर्न आणि ओळखीचं नाव यांना मोल आहे. पण सहीआधी त्यांच्या चालू शाखेत दोन रविवार जाऊन बस आणि मशीनवर कुणाचे हात आहेत एवढंच बघ. मोठ्यांचे असतील तर सही करू नकोस. बंद पडलेल्या शाखांची यादी माग. अमेरिकेत सहीच्या निदान १४ दिवस आधी खुलासापत्र द्यावं लागतं आणि त्यात चालू शाखांसोबत सोडून गेलेल्यांचीही यादी असते. आपल्याकडे फ्रँचायझीसाठी असा वेगळा कायदा नाही. जे मागशील तेच मिळेल, म्हणून लेखी माग. द्यायला टाळाटाळ झाली तर तेही उत्तरच समज.

मसुद्यात चार बदल सुचव. दर वर्गाला तयार वस्तूचं कलम काढून सत्राअखेर मुलाने स्वतः शिवलेला एक कपडा असं लिहायचं. तुकडीची कमाल संख्या सहा. सामान ठरलेल्या दर्जाचं असेल तर बाहेरून घ्यायची मुभा. किमान रॉयल्टी, म्हणजे जमा कितीही कमी असली तरी भरायची रक्कम, पहिलं वर्षभर नको. करार संपल्यावर दोन वर्षं शिवणवर्ग घ्यायचा नाही हे कलम भारतीय करार कायद्याच्या २७ व्या कलमापुढे सहसा टिकत नाही, पण त्यांचे पॅटर्न आणि नाव तुला वापरता येणार नाही, आणि करार चालू असतानाचं बंधन वेगळं. हे वकिलाला दाखव, माझ्या शब्दावर राहू नकोस.

जागेचा भाडेकरार आणि फ्रँचायझीचा करार एकाच दिवशी करू नकोस. फ्रँचायझीला पाच वर्षं आणि भाड्याला अकरा महिने असं झालं, तर मालकाने जागा काढून घेतल्यावर नव्या जागेचा खर्च तुझा आणि रॉयल्टी चालूच. आधी त्यांचं लेखी उत्तर येऊ दे. बदल मान्य असतील तर जागा बघ. पहिल्या कलमावरच अडले, तर त्या चार लाखांतून सहा मशीन, टेबलं, अनामत रक्कम आणि वर्षभराच्या भाड्यातला बराच भाग निघतो. मग स्वतःच्या नावाने काढ. पहिल्या तुकडीला येऊन मदतनिसाचं काम करायला मी तयार आहे. मशीनला हात मात्र लावणार नाही.

त्यांचं उत्तर आलं की कळव.

तुझ्या,
बाई