सही करण्याआधी करार वाचा

सामाजिक शास्त्रांतल्या संशोधनासाठी खासगी फाउंडेशनचा पैसा कसा मिळवायचा, याबद्दलची पत्रं काही थांबत नाहीत. बहुतेकांचा सूर एकच: ‘यादी पाठवा, सगळीकडे अर्ज टाकून बघतो.’ यादी पाठवणार नाही. वारंवार येणारे प्रश्न तेवढे घेतो.

प्रश्न: मी मानवशास्त्रात पीएचडी करतो आहे. फील्डवर्कसाठी रसेल सेज, विल्यम टी. ग्रँट, स्पेन्सर आणि वेनर-ग्रेन या चारही ठिकाणी एकच प्रपोजल पाठवलं तर चालेल?

नाही. रसेल सेज फाउंडेशन १९०७ सालापासून अमेरिकेतल्या सामाजिक प्रश्नांसाठी आहे. विल्यम टी. ग्रँटचा भरही तिथल्याच पाच ते पंचवीस वयाच्या मुला-तरुणांवर. स्पेन्सर शिक्षणविषयक संशोधनाला पैसे देतं आणि त्यांच्या स्मॉल ग्रँटवर विद्यार्थ्याला मुख्य संशोधक होता येत नाही. उरलं वेनर-ग्रेन. १९४१ मध्ये सुरू झालेलं हे फाउंडेशन मानवशास्त्रालाच वाहिलेलं आहे. पीएचडीच्या फील्डवर्कसाठी त्यांचं स्वतंत्र अनुदान आहे आणि अर्जदार कुठल्या देशाचा, याला बंधन नाही. मात्र तो पैसा फील्डवर्कचा. परत येऊन प्रबंध लिहिण्याच्या काळाचा नव्हे. मसुदा आधी गाइडना दाखवा, मग पाठवा.

प्रश्न: मॅकआर्थर फेलोशिपचे अर्ज कधी निघतात?

निघत नाहीत. या अमेरिकन फेलोशिपसाठी नावं इतर लोक सुचवतात, तीही गुप्तपणे.

प्रश्न: फोक्सवॅगन फाउंडेशनला अर्ज करायचा तर विषय वाहतुकीशी संबंधित असावा लागतो, असं सीनियर सांगतात. खरं आहे का?

सीनियरनी फक्त नाव वाचलेलं दिसतं. हे फाउंडेशन १९६१ सालचं, जर्मनीत हॅनोव्हरला आहे आणि मोटार कंपनीपासून स्वतंत्र आहे. विषयाचं बंधन त्या त्या योजनेचं असतं, ते योजनेच्या पानावरच वाचा. तरीही शंका राहिली तर तिथल्या प्रोग्रॅम ऑफिसरना चार ओळींची मेल करा. कॅन्टीनमध्ये विचारू नका.

प्रश्न: एक सल्लागार प्रपोजल लिहून देतो म्हणतात. आगाऊ ‘नोंदणी शुल्क’ आणि मंजूर रकमेच्या दहा टक्के. ‘आतली ओळख’ आहे म्हणे. द्यावेत का?

एक पैसाही देऊ नका. ओळखीवर काम होत असतं तर त्यांना तुमच्या प्रपोजलची गरजच काय होती? मंजूर बजेटमधला पैसा मंजूर कामावरच खर्च करायचा असतो; त्यातून दहा टक्के कुठल्या खात्यावर टाकणार? हिशेब तपासणीत नाव तुमचं येईल, त्यांचं नाही. ग्रँट लिहून देणाऱ्यांच्या व्यावसायिक संघटनाही टक्केवारीवर काम करणं गैर मानतात. भाषा तपासून हवी असेल तर ठरलेली फी देऊन एखाद्या संपादकाकडून करून घ्या आणि तेही गाइडना सांगून.

प्रश्न: आमचं विद्यापीठ ओव्हरहेड, म्हणजे संस्थेच्या प्रशासकीय खर्चाचा वाटा, मागतं, फाउंडेशन देत नाही. ती रक्कम प्रवासखर्चात घालावी का?

अजिबात नाही. वेनर-ग्रेन ओव्हरहेड देतच नाही. स्पेन्सर पन्नास हजार डॉलरपर्यंतच्या स्मॉल ग्रँटवर देत नाही, मोठ्या ग्रँटवर पंधरा टक्क्यांपर्यंत देतं. हे लेखी धोरण संस्थेच्या संशोधन कार्यालयाला दाखवून सवलत मागा. बहुतेक ठिकाणी ती मिळते, पण अर्जाआधी मागितली तर.

प्रश्न: एका उद्योगसमूहाच्या फाउंडेशनने त्यांच्याच क्षेत्रातल्या कामगारांवरचा माझा प्रकल्प मंजूर केला आहे. करारात ‘अंतिम अहवाल प्रसिद्ध करण्यापूर्वी देणगीदाराची लेखी संमती आवश्यक’ असं कलम आहे. सहकारी म्हणतात, सगळीकडे असतंच. सही करू का?

थांबा. हे ‘सगळीकडे असतंच’ ऐकून ऐकून कान किटले. सगळीकडे नसतं. छापण्याआधी तीस दिवस मजकूर पाहायला द्या, चुका असतील तर कळवू, हे कलम चालण्यासारखं आहे; शेवटचा निर्णय तुमच्याकडेच राहतो. संमती लागणार असेल तर निर्णय देणगीदाराचा. निष्कर्ष गैरसोयीचा निघाला की ती संमती येणार नाही. कुणी ‘नाही’ म्हणणारही नाही, नुसतं उत्तर येणं बंद होईल. तीन वर्षांच्या मुलाखती कपाटात पडून राहतील आणि ज्या कामगारांनी विश्वासाने तोंड उघडलं त्यांना तुम्ही काय सांगणार?

हे भांडण जुनं आहे. १९१४ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेत कोलोरॅडोतल्या लुडलो इथे संपकरी खाणकामगारांच्या तंबूवस्तीवर हल्ला झाला, बायका-मुलंही मेली. खाण कंपनी रॉकफेलर कुटुंबाच्या ताब्यातली. त्याच वर्षी रॉकफेलर फाउंडेशनने औद्योगिक संबंधांच्या अभ्यासासाठी मॅकेन्झी किंग यांना नेमलं. हेच पुढे कॅनडाचे पंतप्रधान झाले. हे संशोधन की मालकाची वकिली, असा प्रश्न सरकारी आयोगासमोर उभा राहिला. फाउंडेशनने हात पोळून घेतले आणि वादग्रस्त सामाजिक विषयांपासून काही वर्षं लांब राहिलं. १९२० च्या दशकात याच घराण्याच्या लॉरा स्पेलमन रॉकफेलर मेमोरियलने समाजशास्त्रांना भरघोस पैसा दिला, तो विद्यापीठं आणि १९२३ मध्ये स्थापन झालेल्या सोशल सायन्स रिसर्च काउन्सिलसारख्या संस्थांमार्फत. देणारा आणि लिहिणारा यांच्यात अंतर हवं, हे तोवर चांगलंच कळलं होतं.

तुमच्याकडे हे अंतर करारातच मागावं लागेल. संमतीचं कलम काढून मुदतीचं घाला म्हणावं. मुलाखतींचा मूळ डेटा कुणाच्या ताब्यात राहणार, हेही लिहून घ्या. मालकाच्या फाउंडेशनकडे कामगारांची नावं जाता कामा नयेत. करार संस्थेच्या कायदा विभागाला आणि नैतिकता समितीला दाखवा. तोंडी आश्वासनावर सही नको. ते कलम काढायला तयार नसतील तर पैसे नाकारा, हे माझं मत. अंतिम सल्ला वकिलांचा घ्या.

प्रश्न: मुदत परवा संपते. अर्ज आता टाकून संस्थेचं पत्र नंतर दिलं तर?

अर्धवट अर्ज बाद होतो. अनेक ठिकाणी अनुदान संस्थेच्या नावे येतं आणि अर्जावर तिची मान्यता लागते. ती दोन दिवसांत होत नाही. पुढच्या फेरीची तारीख बघा आणि संशोधन कार्यालयात उद्याच जा.