पीडीएफमधले सिनॅरिओ पुस्तकात आणायचे असतील तर आधी ते कागदावरून खेळून बघा

तुमचा प्रश्न असा की तुमच्या दुसऱ्या महायुद्धाच्या हेक्स-काउंटर गेमचे (षटकोनी घरांच्या, म्हणजे हेक्सच्या, नकाशावर युनिटांच्या सोंगट्या, म्हणजे काउंटर, मांडून खेळतात तो) साठेक सिनॅरिओ (एकेका लढाईची मांडणी आणि नियम) गेल्या काही वर्षांत फक्त पीडीएफ म्हणून आलेत, बॉक्समध्ये छापून एकही आलेला नाही, आणि आता ते सगळे एका छापील पुस्तकात आणायचेत, तर फाइली नुसत्या जोडून प्रिंटरकडे दिल्या तर चालेल का की परत लेआउट करावा लागेल. लेआउट परत करावाच लागेल. पण तो अगदी शेवटचा भाग आहे, आणि माझं म्हणणं असं की तुम्ही आत्ता त्याचा विचारच करू नका. मी दोन मित्रांबरोबर असं एक पुस्तक केलंय, ४४ सिनॅरिओंचं, तीन महिन्यांत होईल असं धरून चाललो होतो आणि दीड वर्ष लागलं, त्यातलं लेआउटचं काम जेमतेम चार महिन्यांचं, बाकी सगळा वेळ मजकूर पक्का करण्यात गेला.

कारण साधं आहे. पीडीएफमध्ये चूक सापडली की फाइल बदलून परत टाकता येते, त्यामुळे लिहिणाराही जरा सैल हाताने लिहितो आणि खेळणाराही नवीन फाइल येईल म्हणून सोडून देतो. छापलं की ते तसंच राहणार, दहा वर्षांनी कुणीतरी कपाटातून काढून खेळेल तेव्हा तुम्ही शेजारी नसाल समजावून सांगायला.

आमच्याकडे एका पुलाच्या लढाईचा सिनॅरिओ होता, सगळ्यांचा आवडता. खेळायला बसलो तर माझ्या मित्राने बचाव करताना त्याची अँटीटँक गन पश्चिम काठावर मांडली, मी म्हटलं असं चालत नाही, फक्त पूर्व काठावर मांडायची, तो म्हणाला दोन्हीपैकी कुठेही, आणि दोघांनी आपापल्या प्रिंटआउट पुढे केल्या तर दोघंही बरोबर. फाइलचं नाव तेच, तारीख कुठेच नाही, आणि शोधाशोध केल्यावर तिसरी एक आवृत्ती निघाली ज्यात गनच नव्हती, तिच्याऐवजी दोन स्क्वाड जास्त होते. लेखकाला विचारलं तर त्यालाही आठवेना की बदल का केला होता. शेवटी त्याच्या जुन्या मेलमध्ये सापडलं की गन पश्चिमेला मांडता येत असेल तर हल्ला करणाऱ्याला पूल ओलांडताच येत नाही, टेस्टिंगमध्ये दहापैकी नऊ वेळा बचाव करणारा जिंकला होता. हे कळल्यावर पाच मिनिटांत निर्णय झाला, पण कळायला तीन आठवडे लागले.

म्हणून पहिलं काम एक शीट. सिनॅरिओचं नाव, जुना नंबर, लेखक, किती आवृत्त्या सापडल्या, प्रत्येकीत काय बदललं, आणि का बदललं. "का" चा रकाना भरणं सगळ्यात कंटाळवाणं आहे आणि सगळ्यात कामाचं पण तेच आहे. नुसती सगळ्यात नवीन फाइल घेऊन पुढे जाऊ नका, आमच्याकडे दोन सिनॅरिओ असे निघाले की नवीन फाइल करताना कॉपी-पेस्टमध्ये जुन्या फाइलमधली एक दुरुस्ती गळून गेली होती.

दुसरी गोष्ट शब्दांची, आणि इथे मी जरा जास्त लिहिणार आहे कारण याबद्दल कुणी आधी सांगत नाही. सिनॅरिओ एकेक करून येतात तेव्हा प्रत्येक लेखक आपल्या सवयीने लिहितो आणि ते खपून जातं. समोरासमोरच्या पानांवर आले की लगेच डोळ्यात येतं. आमच्याकडे "कंट्रोल" या एका शब्दाचे तीन अर्थ निघाले. एका लेखकाच्या मते बिल्डिंगमधून तुमचं युनिट शेवटचं गेलेलं असेल तर ती तुमची, आत्ता तिथे कुणी असो वा नसो. दुसऱ्याच्या मते आत्ता तुमचं युनिट आत बसलेलं हवं. तिसऱ्याने लिहिलंच नव्हतं, त्याच्या ग्रुपमध्ये सगळ्यांना माहीत होतं म्हणे. आता व्हिक्टरी कंडिशन जर "चार बिल्डिंगवर कंट्रोल" अशी असेल तर पहिल्या अर्थाने हल्ला करणारा पळत पळत चारही बिल्डिंगमधून जाऊन येईल, दुसऱ्या अर्थाने त्याला चार ठिकाणी माणसं ठेवावी लागतील आणि शेवटच्या टर्नला त्याच्या हातात काहीच उरणार नाही. एकाच मजकुरातून दोन वेगळे गेम तयार होतात. तसंच "शेवटच्या टर्नच्या शेवटी" आणि "गेम संपताना", हे दोन्ही सारखे वाटतात, पण ज्या सिनॅरिओमध्ये सडन डेथ आहे, म्हणजे ठराविक गोष्ट घडली की गेम मधेच संपतो, तिथे नाहीत. "पुलाजवळ" म्हणजे लागून असलेला हेक्स की दोन हेक्सच्या आत? "नकाशाबाहेर गेलेली युनिटं" मेलेली धरायची की वाचलेली?

यावर आम्ही एक नियम केला आणि तो शेवटपर्यंत पाळला: शब्द सगळीकडे एकसारखे करायचे पण अर्थ लेखकाचाच ठेवायचा. म्हणजे पहिल्या अर्थाला एक शब्द, दुसऱ्याला दुसरा, दोन्हींची व्याख्या पुस्तकाच्या सुरुवातीला. सगळ्यांना एकच अर्थ लावून टाकायचा मोह होतो, त्याने पुस्तक नीटनेटकं दिसतं, पण बॅलन्स बिघडतो आणि तो बिघडला हे तुम्हाला छापून झाल्यावर कळतं. जिथे अर्थच बदलावा लागला असे आमचे पाच सिनॅरिओ होते, ते आम्ही नव्याने प्लेटेस्ट केले, प्रत्येक किमान सहा वेळा, बाजू बदलून.

परवानगीचं लवकर उरका, म्हणजे शीट झाली की लगेच. पीडीएफ फुकट डाउनलोड करता येते याचा अर्थ ती छापून वाटायची मुभा आहे असा होत नाही, लिहिलं त्या क्षणी कॉपीराइट लेखकाचा होतो, त्यासाठी वेगळी नोंदणी लागत नाही, कॉपीराइटचा आंतरराष्ट्रीय बर्न करार मानणाऱ्या जवळजवळ सगळ्या देशांत हेच आहे. गेम खेळण्याच्या पद्धतीवर सहसा कॉपीराइट लागत नाही पण लिहिलेल्या मजकुरावर, नकाशाच्या चित्रावर, काउंटरच्या चित्रांवर लागतो, आणि गेमचं नाव कव्हरवर टाकायचं तर ते पब्लिशरला विचारूनच. प्रत्येक लेखकाकडून लेखी घ्या, त्यात छापील आणि डिजिटल दोन्ही, संपादनाची मुभा, आणि विकणार असाल तर तसं स्पष्ट. आम्हाला एक लेखक शेवटपर्यंत सापडला नाही, त्याचा सिनॅरिओ फार सुंदर होता, तरी वगळला. जुने फोटो घालणार असाल तर प्रत्येक फोटोचा स्रोत बघा. जर्मन बुंडेसआर्काइव्हचे (तिथलं सरकारी अभिलेखागार) बरेच फोटो २००८ पासून विकिमीडिया कॉमन्सवर सीसी बाय-एसए परवान्याखाली (श्रेय देऊन आणि तोच परवाना पुढे ठेवून वापरायची मुभा) आहेत, तिथे श्रेय देणं बंधनकारक आहे.

इतिहासाचे परिच्छेद पण एकत्र ठेवून वाचा. ६ जून १९४४ ला मध्यरात्र नुकतीच उलटल्यावर केन कालव्याच्या आणि ऑर्न नदीच्या पुलांवर ग्लायडरमधून उतरलेल्या ब्रिटिश तुकडीवर आमच्याकडे दोन लेखकांचे दोन सिनॅरिओ होते. एकात सहा ग्लायडर लिहिलेले, दुसऱ्यात पाच, आणि बाजूबाजूला छापले असते तर वाचणाऱ्याला वाटलं असतं की एक चूक आहे. दोन्ही बरोबर होते. सहा निघाले, तीन कालव्याच्या पुलासाठी, तीन नदीच्या, आणि नदीच्या गटातला एक भरकटून दूर दीव नदीच्या पुलाजवळ उतरला, म्हणून ठरलेल्या भागात पाचच पोचले. आम्ही दोन्ही परिच्छेदांत एकेक वाक्य वाढवलं आणि तो गोंधळ तिथेच संपला.

आता नकाशे. पीडीएफमधले बरेच नकाशे व्हॅसलमधून (असे गेम कंप्युटरवर खेळायचं सॉफ्टवेअर) घेतलेले स्क्रीनशॉट असतात, स्क्रीनवर छान दिसतात. छपाईला ३०० डीपीआय (दर इंचाला ३०० ठिपके) धरा, म्हणजे १४०० पिक्सेल रुंदीचा नकाशा कागदावर जेमतेम १२ सेंटिमीटर होतो, त्याहून मोठा केला की हेक्सचे नंबर फाटलेले दिसतात. पीडीएफमध्ये खेळाडू झूम करतो, कागदावर करू शकत नाही. त्यामुळे सेटअपचे नकाशे परत काढा, साधे, व्हेक्टरमध्ये (म्हणजे कितीही मोठे केले तरी फाटत नाहीत), झाडी-टेकड्यांची सजावट नको. सेटअपच्या जागा नुसत्या लाल-हिरव्या रंगांनी दाखवू नका, एकाला तिरप्या रेघा दुसऱ्याला ठिपके द्या, काहींना तो रंगांचा फरक दिसत नाही आणि दिव्याच्या उजेडात बाकीच्यांनाही नीट दिसत नाही.

आणि ज्या सिनॅरिओचा नकाशा हाच बोर्ड आहे, म्हणजे खेळाडू तो प्रिंट करून त्यावरच काउंटर मांडतात, तो पुस्तकात बोर्ड म्हणून घालू नका. ए४ ची दोन पानं मिळून ए३ होतात खरी, पण मधल्या घडीत एक अख्खी हेक्सची रांग जाते आणि अर्धा इंची काउंटर तिथे सरळ बसत नाहीत. त्यांचे सुटे घडीचे नकाशे करून मागे पाकिटात द्या. मुळात या छंदात सुट्या कागदांची परंपरा जुनी आहे, १९७० च्या पॅन्झरब्लिट्झ या गेममध्ये पण १२ सिच्युएशन (म्हणजे सिनॅरिओच) वेगवेगळ्या कार्डांवर होत्या, त्यामागे कारण आहे.

ते कारण म्हणजे खेळणारे दोन असतात आणि पुस्तक एक. पीडीएफ असताना दोघं आपापली कॉपी घेऊन बसायचे. आता एक जण स्पेशल रूल वाचत असेल तेव्हा दुसऱ्याला रीइन्फोर्समेंट बघायच्या असतात, आणि एकाला मजकूर उलटा दिसतो. गुप्त सेटअपवाल्या सिनॅरिओत तर सगळंच उघड होतं, पीडीएफमध्ये दोन बाजूंच्या दोन फाइली होत्या, पुस्तकात समोरच्याच्या छुप्या गनची यादी तुमच्या डोळ्यांसमोर. आम्ही असे नऊ सिनॅरिओ वेगळे काढले, मुख्य पानावर दोघांना माहीत असायला हवं तेवढंच ठेवलं आणि गुप्त भाग मागे, एका बाजूचा एका विभागात, दुसऱ्या बाजूचा दुसऱ्या विभागात, आणि त्या पानांवर "स्वतःच्या खेळासाठी झेरॉक्स काढायला परवानगी" असं छापलं.

बाकी पानांचं पटकन सांगतो. प्रत्येक सिनॅरिओ समोरासमोरच्या दोन पानांत बसवा, डावीकडे सुरू, खेळताना पान उलटायला लागता कामा नये, बसत नसेल तर इतिहास कापा, नियम नाही. साठ सिनॅरिओंची १२० पानं, पुढची-मागची धरून १४४ केलीत तर १६ पानी फॉर्मचे (एका मोठ्या कागदावर छापून घडी घातलेल्या पानांचा गठ्ठा) बरोबर नऊ फॉर्म होतात. एवढ्या जाडीला मधल्या पिना चालत नाहीत, आणि नुसतं गोंदाचं बाइंडिंग टेबलावर उघडं राहत नाही, कोपऱ्यावर फासे ठेवून दाबून धरावं लागतं, म्हणून वायर बाइंडिंग किंवा शिवलेलं. कागद मॅट घ्या, चकचकीत कागदावर दिवा चमकतो आणि पेन्सिलने टर्नची खूण करता येत नाही. रंग जिथे कडेपर्यंत जातो तिथे ३ मिलिमीटर ब्लीड, म्हणजे कापायच्या रेषेबाहेर जादा रंग. पूर्ण ऑर्डर द्यायच्या आधी एक प्रूफ कॉपी हातात घ्या, आमच्या प्रूफमध्ये हेक्स नंबरांचा फॉन्ट एम्बेड झालेला नव्हता आणि सगळे शून्य गायब होते, स्क्रीनवर दिसत होते.

जुने नंबर टाकून देऊ नका. पुस्तकात नवीन क्रम लावा, लढाईच्या तारखेप्रमाणे लावला तर बरं पडतं, पण प्रत्येक नावाखाली जुना नंबर बारीक अक्षरात ठेवा कारण लोकांच्या वह्यांमध्ये निकाल त्या नंबरांनी लिहिलेत. आणि इंडेक्सवर मेहनत घ्या. कुठले बोर्ड लागतात, किती टर्न, रणगाडे आहेत की नाहीत, खेळाडू पुस्तक उघडतो ते "आपल्याकडे हे दोन बोर्ड आहेत आणि तीन तास आहेत, काय खेळू" या प्रश्नासाठी.

आता शीर्षकात म्हटलंय ते. पानं तयार झाली की घरच्या प्रिंटरवर पूर्ण मापात काढा, टाचा, आणि तो सिनॅरिओ कधीच न पाहिलेल्या दोघांना खेळायला द्या. तुम्ही शेजारी बसा आणि काहीही सांगू नका, विचारलं तरी नाही. फक्त त्यांचं बोट पानावर कुठे कुठे फिरतं ते लिहून घ्या. आमच्या एका सिनॅरिओत दोघं जण सेटअपला चाळीस मिनिटं अडकले होते, बोट नकाशावरून मजकुरावर, परत नकाशावर, आणि मग त्यांनी सोव्हिएत रणगाडे नदीच्या बाजूने आत आणले. मला क्षणभर कळेचना. मग लक्षात आलं की पानात बसावा म्हणून नकाशा आम्ही नव्वद अंशांनी फिरवला होता, उत्तरेचा बाण पण बरोबर फिरला होता, पण मजकुरात "डाव्या कडेने प्रवेश" तसंच राहिलं होतं. तिघांनी मिळून ते पान किमान दहा वेळा वाचलं होतं आणि आम्हाला दिसलं नव्हतं कारण आम्हाला रणगाडे कुठून येतात ते पाठ होतं. त्या रात्री बसून ४४ सिनॅरिओंमधले डावी-उजवी-वर-खाली सगळे शब्द शोधून काढले आणि त्यांच्या जागी दिशा आणि हेक्स नंबर घातले, एकूण ३१ ठिकाणी.

तेव्हा साठच्या साठ हातात घ्यायच्या आधी तुमच्याकडचे तीन सगळ्यात किचकट सिनॅरिओ निवडा, एक गुप्त सेटअपचा, एक ज्याच्या आवृत्त्या जास्त आहेत तो, आणि एक स्वतःचा नकाशा असलेला. तिन्हींची मिळून सहा पानं करा आणि दोन अनोळखी खेळाडूंसमोर ठेवा. त्या सहा पानांना किती दिवस लागले ते मोजा, म्हणजे पूर्ण पुस्तकाला किती लागतील याचा अंदाज येईल, आणि ती शीट कशी करायची यात अडलात तर माझी रिकामी शीट द्यायला मी तयार आहे.