शिडाच्या बोटीतली लहानशी गळती शोधून कशी बंद करावी?

आपल्या फायबरग्लासच्या शिडाच्या बोटीच्या तळात दर आठवड्याला दोन-तीन लिटर पाणी साचते आणि डेकवरच्या बहुतेक सांध्यांवर सिलिकॉन फासूनही फरक पडलेला नाही, असे आपण लिहिले आहे. सिलिकॉनची नळी तूर्त बाजूला ठेवावी, ही पहिली विनंती. त्याचा पातळ थर जेथे उरतो, तेथे नंतर दुसरे कोणतेही सीलंट नीट चिकटत नाही, त्यामुळे खरी दुरुस्ती अधिक अवघड होऊन बसते.

आधी पाणी खारे आहे की गोडे, ते ठरवावे. तळ गोड्या पाण्याने धुऊन पुरता कोरडा करावा, कारण जुन्या मिठात पावसाचे पाणी मिसळले तरी ते खारट लागते आणि आपली दिशाभूल होते. नव्याने आलेले पाणी खारे निघाले आणि बोट बांधलेली असतानाही ते वाढत असेल, तर तळाच्या झडपा, त्यांचे पाइप, पंख्याच्या (प्रोपेलरच्या) दांड्याभोवती पाणी अडवणारी पॅकिंग आणि सुकाणूचा दांडा तपासावा. जुन्या पद्धतीच्या पॅकिंगमधून दांडा फिरत असताना थोडे थेंब पडणे अपेक्षितच असते. पाणी फक्त बोट वाऱ्याने कलल्यावर येत असेल, तर हल (बोटीचे खालचे धड) आणि डेक यांच्या जोडावर संशय घ्यावा. गोडे पाणी म्हणजे पाऊस किंवा आपलीच टाकी. टाकीत खाण्याचा रंग घातला की त्यांतले कोणते, ते एका दिवसात कळते.

पाणी जेथे दिसते तेथेच ते आत शिरले असेल, असे बोटीत क्वचितच घडते. माझ्या बोटीत पाणी साचत होते ते डाव्या बाकाखालच्या मागच्या कप्प्यात, आणि तो कप्पा इंजिनाला लागून असल्यामुळे मी दोन महिने पंख्याच्या दांड्याची पॅकिंग आवळत राहिलो, इतकी की दांडा तापू लागला. पाणी चाखून पाहण्याचे तोवर सुचले नव्हते. ते गोडे होते. मग मी कप्प्यात आणि त्याच्या पुढच्या भागात खडूची पूड भुरभुरवली, आतल्या अस्तराच्या फळ्या काढल्या आणि एका मित्राला डेकवर होजपाइप घेऊन उभे केले. पाणी सर्वांत खालच्या जागेपासून सुरू करून प्रत्येक ठिकाणी काही मिनिटे सोडायचे आणि मगच वर सरकायचे, हे पथ्य कसोशीने पाळावे, कारण वरून सुरुवात केली तर ओघळ सगळ्याच सांध्यांवरून जातो आणि चूक कोणाची ते ठरवता येत नाही. मी आत बॅटरी घेऊन पालथा पडलो होतो. बऱ्याच वेळाने खडूवर दोऱ्याएवढी एक काळसर रेघ उमटली. तिचा माग घेत गेलो तेव्हा उगम सापडला तो दीड-दोन मीटर पुढे, डोलकाठीची बाजूची तार ज्या पोलादी पट्टीला बांधलेली असते, त्या चेनप्लेटपाशी.

आतून सीलंट भरून अशी गळती बंद होत नाही. पाणी डेकच्या थरांत अडकते आणि आतले बाल्सा लाकूड कुजवते. पट्टी काढूनच काम करावे लागते, मात्र त्याआधी डोलकाठीला त्या बाजूने हॅलियार्डने, म्हणजे शीड वर चढवण्याच्या दोराने, पक्का आधार द्यावा आणि एका वेळी एकच पट्टी काढावी. डेकमधून जाणारा तिचा भाग भिंग घेऊन पाहावा, कारण ओलसर आणि हवा न लागणाऱ्या जागी स्टेनलेस स्टीललाही गंज धरतो आणि बारीक तडे जातात. तडा दिसला तर पट्टी बदलावीच लागते. भोकातून ओला, तपकिरी भुसा निघाला तर तो चांगल्या लाकडापर्यंत खरवडून, जागा पूर्ण वाळवून, घट्ट केलेले इपॉक्सी भरावे आणि त्यातून पुन्हा भोक पाडावे, म्हणजे पुढे कधी पाणी आलेच तरी ते लाकडाला लागणार नाही. कडा थोडी उतरती घासावी, पट्टीभोवती ब्यूटाइल टेप (मऊ, चिकट रबरी पट्टी) भरावा आणि वरचे झाकण एकदम न आवळता दोन-तीन दिवस थोडे थोडे आवळावे. मऊ टेप कडेने बाहेर येत राहतो, तो कापून टाकावा. कठड्याच्या खांबांनाही हीच रीत लागू पडते, फक्त तेथे बोल्ट स्थिर धरून नट फिरवावा, अन्यथा बसलेला टेप बोल्टच्या कडेने सुटतो.

पाण्याखालच्या झडपेचे काम मात्र बोट पाण्याबाहेर काढल्याशिवाय करू नये, आणि तोवर प्रत्येक झडपेपाशी तिच्या मापाची निमुळती लाकडी गुडदी बांधून ठेवावी.

दुरुस्तीनंतर खडूची पूड मी तशीच राहू दिली. पुढच्या चार मोठ्या पावसांत डावा कप्पा कोरडा राहिला. आता उजव्या खिडकीखाली एक नवी रेघ उमटली आहे. तेथे मी पॉलिसल्फाइड जातीचे सीलंट वापरणार नाही, कारण खिडकीच्या ॲक्रिलिकला त्याने तडे जातात.