शस्त्रे कमी करताना

प्रिय तरुण मित्रा,

अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेली यादी लक्षपूर्वक वाचली. आजोबांच्या पश्चात वारसाहक्काने तुझ्या परवान्यावर चढलेली बारा बोअरची दुनळी (दोन नळ्यांची छऱ्याची बंदूक) आणि .३१५ ची रायफल, शिवाय रायफल क्लबचा सभासद म्हणून तू स्वतः घेतलेल्या .२२ च्या तीन रायफली, म्हणजे जुनी बीएसए मार्टिनी, ब्रनो आणि अलीकडे घेतलेली वापरलेली आन्शुट्झ. यांतले काय ठेवावे आणि काय काढावे, असे तू विचारले आहेस. माझे मत आधीच सांगतो : आन्शुट्झ ठेव, दुनळी ठेव आणि उरलेल्या तीन योग्य हातांत जाऊ देत. कारणे मात्र सविस्तर लिहितो, कारण एकदा हातचे गेलेले शस्त्र आपल्याकडे सहजासहजी परत मिळत नाही.

कायद्याची बाजू थोडक्यात सांगतो. १९५९ च्या शस्त्र अधिनियमात २०१९ साली दुरुस्ती होऊन एका व्यक्तीला बाळगता येणाऱ्या बंदुकांची मर्यादा तीनवरून दोनवर आली आणि वारशाने आलेल्या शस्त्रांनाही तीच मर्यादा लागू झाली. मान्यताप्राप्त रायफल क्लबचा सभासद लक्ष्यसरावासाठी .२२ ची रायफल किंवा एअर रायफल वापरत असेल, तर त्याला यातून सूट आहे, म्हणून तुझी पाचही शस्त्रे नियमात बसतात. परंतु नियमात बसते एवढ्यावरून ती ठेवण्याजोगी ठरत नाहीत. जेवढ्या रायफलींना तू काडतुसे, वेळ आणि निगा देऊ शकतोस, तेवढ्याच तुझ्या आहेत, असे मी मानतो.

पन्नास मीटरच्या लक्ष्यावर दहाचे वर्तुळ अवघे १०.४ मिलीमीटर व्यासाचे असते आणि गोळी ५.६ मिलीमीटरची. इतक्या बारीक कामात प्रत्येक नळीची आवड वेगळी असते. एकाच कंपनीची, एकाच नावाची काडतुसे असली तरी एका लॉटचा, म्हणजे एका खेपेत बनलेल्या काडतुसांचा, ग्रुप (लक्ष्यावरच्या छिद्रांचा पुंजका) त्या नळीतून दाट येतो आणि दुसऱ्या लॉटचा पसरतो. हे डोळ्यांनी पाहायचे असेल तर रायफल शिकंज्यात घट्ट बसवून, माणसाची चूक वगळून, प्रत्येक लॉटच्या दहा-दहा गोळ्यांचे ग्रुप घ्यावे लागतात आणि जो लॉट जमतो त्याचा परवान्यावरील मर्यादेत बसेल तेवढा साठा करावा लागतो. हा खर्च आणि हा खटाटोप तीन रायफलींसाठी कोण करणार? आज तुझ्याकडे तीन नळ्या आहेत आणि तिन्हींपैकी एकीलाही काय मानवते हे तुला ठाऊक नाही. दुसरी गोष्ट ट्रिगरची. मार्टिनीच्या ट्रिगरची ओढ वेगळी, ब्रनोची वेगळी आणि आन्शुट्झची तिसरीच. आठवड्याला रायफल बदलणाऱ्या बोटाला गोळी नेमकी कोणत्या क्षणी सुटणार याची खात्री कधीच येत नाही आणि मग माणूस ट्रिगर झटकायला लागतो.

झोपून मारायला मार्टिनी बरी वाटते, असेही तू लिहिले आहेस. ती बरी वाटते कारण तिचा दस्ता योगायोगाने तुझ्या अंगाला बसला आहे. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेने २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ज्या प्रकारात कांस्यपदक मिळवले, त्यात गुडघ्यावर बसून, झोपून आणि उभे राहून असे तिन्ही पवित्रे घेतले जातात. प्राथमिक फेरीत प्रत्येक पवित्र्यात वीस गोळ्या असतात आणि तो तिथे ६०० पैकी ५९० गुण घेऊन सातवा येत अंतिम फेरीत पोहोचला होता. या प्रकारात नेमबाज पवित्रा बदलताना बटप्लेट (खांद्याला टेकणारी पट्टी), गालाचा आधार आणि हँडस्टॉप (पुढच्या हाताचा अडथळा) सरकवून तीच रायफल अंगाला बसवून घेतो. तुझ्या आन्शुट्झलाही ही सगळी सोय आहे. तिन्ही पवित्र्यांची मापे शोधून ती वहीत उतरवण्याचे काम राहिले आहे आणि त्याला नवी रायफल लागत नाही.

.३१५ विषयी तुझे मन अडते, हे मी समजू शकतो. पण १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर तिचे मूळ कामच उरले नाही, तिची काडतुसे महाग आहेत आणि तुझ्या क्लबात ती चालवायला जागा नाही. पावसाळ्यात तिच्या नळीवर गंज धरतो तो धरतोच. दुनळीचे तसे नाही. क्ले पिजनवर, म्हणजे हवेत उडवलेल्या मातीच्या चकत्यांवर, तिचा उपयोग होतो, काडतुसे मिळतात आणि आजोबांचा हात जिच्यावर सर्वांत जास्त फिरला ती हीच. आठवण जपायला एक शस्त्र पुरेसे आहे आणि ते चालते ठेवलेले चांगले. कुलपे (गोळी उडवणारी यंत्रणा) आणि नळ्या उघडतात तो सांधा मात्र जाणत्या कारागिराकडून तपासून घे.

विक्रीत घाई करू नकोस. परवानाधारकाला थेट विकणार असशील तर घेणाऱ्याचे नाव-पत्ता देऊन जिल्हा दंडाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला लेखी कळवावे लागते आणि त्यानंतर पंचेचाळीस दिवस उलटल्याशिवाय शस्त्र हस्तांतरित करता येत नाही. घेणाऱ्याचा परवाना स्वतः पाहा, त्याच्या प्रती ठेव आणि तुझ्या परवान्यावरची नोंद कमी झाल्याशिवाय प्रकरण संपले असे समजू नकोस. मार्टिनी शक्यतो एखाद्या शिकाऊ नेमबाजाकडे जावी, अशी माझी मनापासून इच्छा आहे. ती अजून खूप शिकवू शकेल.

येणाऱ्या पैशांतून आणखी एक रायफल घ्यायचा मोह होईल. तो टाळ. आधी आन्शुट्झच्या नळीचे तोंड भिंगाखाली तपासून घे, कारण क्राउनवर, म्हणजे त्या तोंडाच्या कडेवर, बारीकसा टोला असला तरी ग्रुप बिघडतो. चेंबरच्या (काडतूस बसते त्या भागाच्या) पुढे साचलेला कार्बन साफ करून घे. मग दस्त्याचे स्क्रू टॉर्क रेंचने एकसारखे आवळून घे. त्यानंतर निरनिराळ्या लॉटची काडतुसे घेऊन पुण्यात बालेवाडीच्या नेमबाजी रेंजवर ये, आपण ती एकत्र तपासू. येताना बटप्लेट आणि हँडस्टॉपची सध्याची मापे लिहून आण, म्हणजे काही बदलले तरी पूर्वस्थितीवर परतता येईल.

कळावे, लोभ असावा.