वैद्यकीय परीक्षांचे नियोजन : वाचकांची प्रश्नोत्तरे

प्रश्न : इंदूरच्या एका वैद्यकीय महाविद्यालयात मी सहायक प्राध्यापिका असून ऑस्कीच्या, म्हणजे टप्प्याटप्प्याने घेतल्या जाणाऱ्या प्रात्यक्षिक परीक्षेच्या, संयोजनाचे काम प्रथमच माझ्याकडे आले आहे. १५० विद्यार्थ्यांची परीक्षा एका दिवसात होईल का?

उत्तर : आधी हिशेब मांडावा. प्रत्येकी ५ मिनिटांची २० स्टेशने (विद्यार्थ्याने एकामागून एक पार करायचे टप्पे, प्रत्येक ठिकाणी एक ठरलेले काम) धरली तर एका फेरीला १०० मिनिटे लागतात आणि तीत २० जणच बसतात. म्हणजे ८ फेऱ्या, १३ तासांहून अधिक वेळ, आणि त्यात स्टेशन बदलण्याचा वेळ धरलेलाच नाही. दोन समांतर संच लावले तर हे काम सुमारे पावणेसात तासांवर येते. मात्र दोन्हींकडे तेच प्रश्न, तीच गुणतालिका आणि परीक्षकांनी आदल्या दिवशी एकत्र बसून ठरवलेले एकच मोजमाप हवे. रोनाल्ड हार्डन यांनी १९७५ साली ही पद्धत मांडली, तेव्हा कुणाच्या वाट्याला सोपा रुग्ण येतो आणि कुणाच्या वाट्याला कडक परीक्षक, हा नशिबाचा भाग कमी करणे हाच हेतू होता.

घंटेकडे विशेष लक्ष द्यावे. एका परीक्षेत मी ती व्हरांड्याच्या टोकाला ठेवली होती. मध्येच जनरेटर सुरू झाला, शेवटच्या खोलीतल्या मुलीला घंटा ऐकू गेली नाही आणि ती रक्तदाब मोजतच राहिली. दारात ताटकळलेल्या पुढच्या मुलाचे जवळपास दीड मिनिट गेले, ही चूक माझीच होती. तेव्हापासून वेळ पाहणारी व्यक्ती एकच ठेवतो, पण घंटा प्रत्येक खोलीत ठेवतो.

प्रश्न : मुलीला डेंग्यू झाल्याने तिची थिअरीची हजेरी ७२ टक्के भरली आहे. डॉक्टरांचा दाखला पुरेल का? (एक पालक, रामबाग)

उत्तर : नियमाने थिअरीला ७५ आणि प्रॅक्टिकलला ८० टक्के हजेरी लागते. दाखल्याने गैरहजेरीचे कारण कळते, हजेरी वाढत नाही. उरलेल्या तासिकांतून तूट भरून निघेल का, हे विभागप्रमुखांना आजच विचारावे. परीक्षेचे अर्ज निघाल्यावर संयोजकाच्या हाती फारसे काही उरत नाही.

प्रश्न : लाँग केससाठी (एका रुग्णाची सविस्तर विचारपूस आणि तपासणी करण्याच्या परीक्षेसाठी) आणलेल्या आजींनी मध्येच तपासून घ्यायला नकार दिला. अशा वेळी काय करावे? (एक परीक्षक)

उत्तर : त्यांचा नकार मानावा. हृदयाच्या झडपेचा आजार असलेल्या बाईंच्या छातीवर सकाळपासून दहा जणांनी स्टेथोस्कोप टेकवला असेल, दर वेळी त्यांना डाव्या कुशीवर वळवून श्वास रोखायला लावले असेल, तर त्या थकणारच. म्हणून प्रत्येक रुग्णाला राखीव रुग्ण असावा, दर दोन विद्यार्थ्यांनंतर विश्रांती द्यावी आणि औषधांच्या व जेवणाच्या वेळा आदल्या रात्रीच वॉर्डातल्या सिस्टरांकडून लिहून घ्याव्यात. ज्या विद्यार्थ्याची केस अर्धवट राहिली, त्याला राखीव रुग्णासह पूर्ण वेळ नव्याने द्यावा.

इंदूरमध्ये भाषेचाही प्रश्न येतो. एखाद्याला मराठी बोलणाऱ्या आजी मिळतात, तर दुसऱ्याला देपालपूरकडचे फक्त माळवी बोलणारे आजोबा मिळतात, आणि आजाराचा इतिहास विचारताना दुसऱ्याची दहा मिनिटे सहज जास्त जातात. रुग्ण चिठ्ठ्या टाकून वाटावेत आणि मागेल त्याला दुभाषा म्हणून सिस्टर द्यावी. त्यासाठी गुण कापू नयेत. परीक्षा संपल्यावर रुग्णाला पलंगापर्यंत पोहोचवायला संयोजकाने स्वतः जावे. मी अजूनही जातो.