स्टेअरिंगचा रॅक उतरवताना

प्रश्न: सर, माझी २००९ ची इनोव्हा आहे. पॉवर स्टेअरिंगचं ऑइल सारखं कमी होतंय, गाडीखाली डाग पडतात. गॅरेजवाले म्हणतात रॅक असेंब्ली उतरवावी लागेल. मी आणि भाऊ मिळून घरी करू का? पाने, जॅक सगळं आहे.
– एक वाचक, सांगली

उत्तर: करता येईल, पण आधी रॅकच (स्टेअरिंग फिरवल्यावर पुढची चाकं वळवणारा आडवा भाग) लीक आहे का ते बघा. पंपातनं किंवा वरच्या पाइपच्या जॉइंटमधनं आलेलं ऑइल ओघळत खाली येतं आणि थेंब पडतो रॅकवरनं, मग चांगला रॅक उगाच खाली येतो. सगळं पुसून घ्या, इंजिन चालू ठेवून भावाला स्टेअरिंग दोन्हीकडे फिरवायला सांगा आणि ओल कुठनं सुरू होते ते वरनं टॉर्च मारून बघा. मग इंजिन बंद करून टाय रॉडवरचा (रॅकपासून चाकाकडं जाणारा दांडा) रबरी बूट दाबा. पाणी भरलेल्या फुग्यासारखा जड लागला तर क्लिप सैल करा, आतनं ऑइल आलं म्हणजे रॅकचं सील गेलंय.

आता उतरवायचं. नुसत्या जॅकवर गाडीखाली अजिबात जायचं नाही, चासीला दोन्हीकडे स्टँड लावा, मागच्या चाकांना दगड लावा. चाकं सरळ करून स्टेअरिंग लॉक करा आणि वर दोरीनं बांधूनच ठेवा. हे मी मुद्दाम सांगतोय, कारण एअरबॅगच्या गाडीत स्टेअरिंगमागं क्लॉक स्प्रिंग असते, म्हणजे एअरबॅग नि हॉर्नची वीज नेणारी गुंडाळलेली पट्टी, ती पट्टी ठराविक फेरेच सहन करते, रॅकपासून सुटलेलं स्टेअरिंग कुणी सहज गरगर फिरवलं की ती तुटते, मग एअरबॅगचा दिवा लागतो, हॉर्नही जातो आणि खर्च वाढतो तो वेगळाच. बॅटरीची निगेटिव्ह काढून ठेवा.

टाय रॉड एंडला (चाकाकडचं टोक) पुलर, म्हणजे ओढून सोडवायचं हत्यार, लावा, आट्यांवर हातोडी मारू नका. टाय रॉडचं चेकनट (एंड जागेवर घट्ट धरणारं नट) कुठं होतं तिथं रंगाची खूण करा. स्टेअरिंगच्या शाफ्टच्या खालच्या जॉइंटवर आणि पिनियनवर (रॅकमधनं वर आलेला दात्यांचा शाफ्ट) मिळून एकच रेघ ओढा, आणि तिथला बोल्ट नुसता सैल करून भागत नाही, पूर्ण बाहेर काढा, तो शाफ्टच्या खाचेतनं गेलेला असतो. पाइप सोडले की लगेच प्लॅस्टिकची पिशवी नि रबरबँड, धूळ आत गेली तर नवीन सीलसुद्धा टिकणार नाही. मग रॅक धरून ठेवणाऱ्या क्लॅम्पचे बोल्ट काढायचे, रॅक जड असतो, दोघांनी धरा.

सील किट (नव्या सीलांचा संच) टाकायच्या आधी रॅकच्या आतल्या रॉडवरनं नख फिरवा. नख अडकलं म्हणजे गंजानं खड्डे पडलेत, तिथं किट टाकणं पैसे वाया घालवणं आहे, दुसरा रॅकच बघा.

प्रश्न: रॅक बदलून आणला तेव्हापासून वळताना घुंई आवाज येतो, ऑइल तर फुल आहे. परत खोलायला लागेल का?
– एक वाचक, चिपळूण

उत्तर: आधी स्टेअरिंग ऑइलच्या टाकीचं झाकण उघडून बघा, फेस दिसला तर सिस्टिममध्ये हवा राहिलीय. पुढची चाकं उचलून, इंजिन बंद ठेवून, स्टेअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश फिरवत राहा, ऑइल उतरलं की भरत जा, बुडबुडे थांबले की मग इंजिन चालू करून तेच करा, पण टोकाला दाबून धरू नका, पंप तापतो. आणि व्हील अलाइनमेंट राहिलं असेल तर ते आजच करून घ्या, टायर एका बाजूनं खाल्ले जातील.