'रोज' घ्या, पण पोराला आधी देऊ नका

तुम्ही विचारलंय की 'बोन' या इंग्रजी कॉमिक्सचे 9 रंगीत भाग तुमचे वाचून झालेत, तर त्याच्या आधीची गोष्ट सांगणारं 'रोज' घ्यावं का. आणि यातलं काहीच न वाचलेल्या 11 वर्षांच्या पुतण्याला गोष्टीच्या क्रमानं आधी 'रोज' आणि मग 'बोन' दिलं तर चालेल का.

घ्या. आणि पुतण्याचं म्हणाल तर नाही, अजिबात नको. (ज्यांनी 'बोन' वाचलेलं नाही त्यांनी इथूनच परत फिरावं, पुढं बरंच काही फुटणार आहे.)

मी बेळगावात टिळकवाडीत राहते. 'रोज' मिळवताना आधी गंमत झाली. एका दुकानात फोन करून विचारलं, "'रोज' आहे काय?" पलीकडून उत्तर आलं, "होय मॅडम, रोज असतंय, सकाळी दहाला उघडतो." शेवटी ऑनलाइनच मागवलं.

आता पुस्तकाबद्दल. जेफ स्मिथनं 'बोन' 1991 ते 2004 अशी तेरा वर्षं, 55 अंकांत, काळ्यापांढऱ्यात काढलं. रंग नंतर चढले. 'रोज' मात्र पहिल्यापासून रंगीत. लिहिलं स्मिथनंच, खरं चित्रं चार्ल्स व्हेसची. (आम्ही बेळगावकर 'पण'च्या जागी 'खरं' म्हणतो, सवय आहे, चालवून घ्या.) ते 2000 ते 2002 मध्ये तीन भागांत आलं, म्हणजे मूळ मालिका संपायच्या आधीच. त्या वेळच्या वाचकांना 'बोन'मधल्या थॉर्न या मुलीचं पुढं काय होणार ते ठाऊक नव्हतं आणि तिच्या आज्जीचं, म्हणजे या रोजचंच, मागं काय झालं ते मध्येच हातात पडलं. त्यांना ते वेगळं लागलं असणार. तुम्हाला आणि मला आता सगळंच ठाऊक आहे.

ठाऊक असून का वाचायचं? आमच्या बैलहोंगल भागात संग्या-बाळ्याचा सण्णाट, म्हणजे गाण्याबजावण्याचं लोकनाट्य, होतो, कानडीत. संग्या मरणार हे पुढं बसलेल्या शेंबड्या पोरालाही माहीत असतं, आणि जिवलग दोस्त बाळ्याच त्याला दगा देणार हेही. तरी माणसं रात्रभर बसतात. शेजारच्या काकूंना मी एकदा विचारलं होतं, दरवेळी तेच बघून कंटाळा येत नाही का? त्या म्हणाल्या, बाळ्या नेमक्या कुठल्या घटकेला फिरतो ते बघायचं, दरवेळी वेगळ्या ठिकाणी फिरल्यासारखा वाटतो. 'रोज' मी तसंच वाचलं, रोजची बहीण ब्रायर कुठं फिरते ते शोधत. टोपडं ओढलेली ती बाई 'बोन'मध्ये नुसती भीतीदायक आहे. इथं ती हसते, टोमणे मारते, बहिणीबरोबर प्रवासाला जाते. दोघी राजकन्या, सोबत पहारेकऱ्यांचा तरुण कप्तान लूशियस, आणि वाट चाललीय ओल्ड मॅन्स केव्हकडं, शिक्षणाच्या शेवटच्या परीक्षेसाठी. लूशियसचं लक्ष कुठं आहे आणि ते कोणाच्या लक्षात आलंय, हे सगळं नजरांच्या चौकटींमधून कळतं. ती पानं मी तीनदा मागं जाऊन बघितली. पुढं तोच लूशियस बॅरलहेवनात खानावळ चालवणारा पोट सुटलेला म्हातारा होणार, हे ठाऊक असल्यामुळं पोटात कालवतं. पुतण्याला त्यातलं काय कळणार? त्याला दिसणार एक कप्तान, बस्स.

पुतण्याला नाही म्हणायचं मुख्य कारण तेच. 'बोन'ची सगळी मजा आज्जीवर उभी आहे. पहिल्यांदा भेटते तेव्हा ती गाई सांभाळणारी, गाईंच्या शर्यतीत स्वतःच्या पायांनी धावणारी एक दणकट म्हातारी असते. आपण फिदीफिदी हसतो. मग हळूहळू कळत जातं की ही कोण होती. आधी 'रोज' वाचलेल्या पोराला ती पहिल्या पानापासून राणीच दिसणार. त्याचं हसू आपण फुकट घालवायचं कशाला?

आता तक्रारी. पहिली आणि मोठी: यात मूळ मालिकेचे नायक, ते तिघे बोन भाऊबंद, नाहीत. फोनी नाही, म्हणजे लबाडी नाही. स्मायली नाही, म्हणजे वेडेपणा नाही. 'बोन'मध्ये हिवाळा कसा येतो आठवतंय ना? एका चौकटीत काही नाही आणि दुसऱ्या चौकटीत आख्खं बर्फ धप्पकन अंगावर. खानापूरला पाऊस असाच येतो, म्हणून मला तो विनोद फार जवळचा. 'रोज'मध्ये तसलं काही नाही. सगळे गंभीर. स्वप्नांचं शास्त्र समजावणारी पानं तर मला चक्क शाळेतल्या प्रार्थनेनंतरच्या भाषणासारखी वाटली. रोजचे दोन कुत्रे, क्लिओ आणि युक्लिड, तिच्याशी बोलतात. जी काय ऊब आहे ती त्यांच्यापाशी. मला विचाराल तर कुत्र्यांना अजून पानं द्यायला हवी होती.

चित्रांचं म्हणाल तर मी दुभंगलेली आहे. स्मिथची रेघ कुंचल्याची, जाड, मोजकी. तीन फटकाऱ्यांत चेहऱ्यावर राग उतरतो. व्हेस जुन्या परीकथांच्या पुस्तकांतल्या चित्रकारांच्या वळणाचा, आर्थर रॅकहॅमच्या घराण्यातला म्हणा. त्याची झाडं बघत बसावीत अशी आहेत. आमच्याकडं जांबोटीच्या पुढं कणकुंबीला जाताना, जिथं मलप्रभा उगम पावते त्या बाजूला, पावसाळ्यात झाडांच्या बुंध्यांवर शेवाळ चढतं आणि मुळ्या रस्त्याकडं सरकल्यासारख्या वाटतात. अगदी तसली झाडं. नदीतून येणारा बाल्साद हा ड्रॅगनही जमलाय. माणसांचे चेहरे मात्र कधीकधी लाकडी. ब्रायर चिडली आहे की तिला झोप आलीय, हे एका ठिकाणी मला संवाद वाचूनच कळलं. आणि 'बोन'चा एका दमात सुसाट वाचण्याचा वेग इथं मिळत नाही. हे बसून, पान तिरकं धरून बघायचं पुस्तक आहे. म्हणून फोनवर वाचू नका, त्या बारीक रेघा तिथं चिखल होतात.

शेवटाबद्दल फार बोलत नाही. रोजपुढं बहिणीच्या बाबतीत एक निवड येते आणि ती जे करते ते मला पटलं. तिनं चूक केली असं म्हणणारेही आहेत. तुमचं वाचून झालं की इथंच खाली लिहा, मला भांडायचंय.

माझी भाची खानापूरला सहावीत आहे. तिला मी 'बोन' आधी दिलं आणि आठ महिन्यांनी 'रोज'. वाचून झाल्यावर फोन आला.

"आत्या, चित्रं लई भारी हाईत, खरं हसायला काय नाही."

"मग आवडलं नाही?"

"तसं नाही गं." थोडा वेळ नुसता पावसाचा आवाज. "आत्या, आज्जी गाईंबरोबर पळती ते पान हाय बघ, ते परत काढून बघितलो. आता ती एकटीच पळाल्यासारखी वाटायली."